रानकोंबडे आणि शिमग्याची तारीख

आंबेखोल गावात आठ वर्षं कुणी नियम मोडला नव्हता, आणि तरीही रानातल्या कोंबड्या कमी होत चालल्या होत्या. हे कोडं सोडवता सोडवता डॉ. विश्राम पेडणेकर थकून गेले होते.

गोष्ट २०७१ सालची. त्याच्या आठ वर्षं आधी सह्याद्रीच्या उतारावर रानकोंबड्या पुन्हा भरपूर झाल्या, तेव्हा सरकारने आंबेखोलला शिमग्यातली जुनी पारध परत सुरू करायची परवानगी दिली. तिचे नियम पक्षीशास्त्रज्ञ पेडणेकरांनीच लिहिले. पारध पाच दिवस, फाल्गुनी पौर्णिमेपासून. मारायचा तो फक्त नर. शिकार-मर्यादा (एका माणसाने जास्तीत जास्त किती पक्षी मारायचे तो आकडा) बंदुकीमागे दोन. गावात बंदुका वीस. तीन वर्षांनी पक्षी घटलेले दिसले तसे डॉक्टरांनी दोनाचा एक केला. पक्षी घटतच राहिले.

मग डॉक्टरांनी अहवालात एक वाक्य लिहिलं, 'चोरटी शिकार होत असावी.' त्या एका वाक्यामुळे गावाच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. वनखात्याची माणसं चुली हुंगत फिरली. पारधीचा मान घाग घराण्याचा, म्हणून तालुक्याच्या बाजारात लोक गोविंद घागांच्या मुलाला तोंडावर चोर म्हणू लागले.

आणि आता फेब्रुवारीतल्या एका दुपारी डॉक्टर आपल्या खोलीत नवा अहवाल पुढ्यात घेऊन बसले होते. चार वाजता ग्रामसभा होती. अहवालात लिहिलं होतं, 'पारध कायमची बंद.' सही तेवढी राहिली होती. पारध बंद केली की ती लपूनछपून सुरू होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुचवून घ्यायचं त्राणही उरलं नव्हतं.

कोपऱ्यात मोजणीयंत्र उभं होतं. दोन बारीक पायांवर रानात हिंडून पक्षी आणि पिल्लं मोजायची, एवढंच त्याचं काम. त्याच्याशेजारी फतकल मारून गोविंद घागांची अकरा वर्षांची नात मंजिरी बसली होती. घरी डॉक्टरांचं नाव काढलं तरी तिचे आजोबा पान थुंकायला बाहेर जात. ही मात्र यंत्रासाठी रोज यायची.

"डॉक्टर आजोबा, पिल्लांचे आकडे वाचू?"

"वाच बाई. माझे पाठ झालेत."

"पहिल्या वर्षी दोनशे दहा. मग शंभर. मग तीस. चौथ्या वर्षी परत एकशे नव्वद, मग ऐंशी, मग पंचवीस. सातव्या वर्षी एकशे साठ, आणि गेल्या वर्षी सत्तर." ती थांबली. "चोर असे मधेच सुट्टी घेतात का हो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पाऊस कमी-जास्त होतो. कोल्हे वाढतात. असतं काहीतरी."

"पहिलं, चौथं आणि सातवं वर्ष चांगलं. त्याच्या आधी आमच्याकडे अनारसे झाले होते."

"काय झाले होते?"

"अनारसे. अधिक महिन्यात आत्याच्या यजमानांना वाण देतात ना, तेहेतीस अनारशांचं. दोन वेळचं मला आठवतं, त्याच्या आधीचं आजीने सांगितलं. अनारसे झाले की पुढच्या उन्हाळ्यात पिल्लं जास्त."

डॉक्टर हसणार होते. हसू अर्ध्यावरच राहिलं. ते उठले, जुनी पंचांगं काढली आणि प्रत्येक वर्षाच्या फाल्गुनी पौर्णिमेपुढची इंग्रजी तारीख लिहीत गेले. अठ्ठावीस मार्च, सतरा मार्च, सहा मार्च. पुन्हा पंचवीस, चौदा, चार. पुन्हा तेवीस, बारा. त्यांचा हात लिहिता लिहिता सावकाश झाला.

"हे पुढे-मागे का होतं?" मंजिरीने विचारलं.

"चंद्राचे बारा महिने साधारण तीनशे चौपन्न दिवसांत संपतात. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला तीनशे पासष्ट लागतात. म्हणून सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो. साधारण तीन वर्षांत महिनाभराचा फरक साचला, की मध्ये एक अधिक मास (जास्तीचा चांद्रमहिना) घालतात आणि सण परत पुढे जातो."

"आणि कोंबड्यांना अधिक महिना नसतो."

"नसतो. त्यांना कळतो तो प्रकाशकाल (दिवसातला उजेडाचा अवधी). दिवस पुरेसा मोठा झाला की त्यांच्या शरीरात विणीची, म्हणजे अंडी घालून पिल्लं वाढवण्याची तयारी होते. त्यात चंद्राचा काही संबंध नाही. इथे वीस मार्चपर्यंत बहुतेक माद्यांची जोडी जमून गेलेली असते. त्यानंतर नर गेला तरी पिल्लं होतात, कारण अंडी मादी एकटीच उबवते. पण सहा मार्चला नर मारला तर?"

"अंड्यांतून पिल्लू येणार नाही."

"आणि सगळ्यांत जोरात आरवतो तोच आधी सापडतो. त्याच्याभोवती चार-पाच माद्या असतात. दुसरा नर तिथे जम बसवीपर्यंत हंगाम निघून जातो. किती मारायचे ते मी कमी करत बसलो. कधी मारायचे ते बघितलंच नाही."

मंजिरीने कॅलेंडर पाहिलं. "यंदा शिमगा दोन मार्चला आहे."

डॉक्टरांनी नियमांचा जुना कागद पुढे ओढला. 'पौर्णिमेपासून' हा शब्द त्यांचाच होता. नियम करताना एक तरुण अधिकारी म्हणाला होता, ठरलेली तारीख घाला. गावाचा मान राखायला हवा, असं सांगून डॉक्टरांनी त्याला उडवून लावलं होतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

चार वाजता ते सभेत उभे राहिले आणि मंजिरीला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. तिचं नाव घेऊन सांगितलं.

गोविंद घाग पुढच्या रांगेत होते. "म्हणजे आता देवाची तिथी बदलायची?"

"नाही. पालखी पौर्णिमेलाच निघू दे. बंदूक मात्र पंचवीस मार्चच्या आधी निघायला नको, कुठल्याच वर्षी. आणि गावात चोर कुणी नव्हता. चूक माझ्या नियमात होती."

"तीन वर्षं माझ्या पोराला चोर म्हणतात, डॉक्टर."

"माझ्यामुळे म्हणतात. मी तसं लिहिलं म्हणून."

घाग उठून उभे राहिले. मग म्हणाले, "पंचवीस तारखेपर्यंत आमच्या खुंटीवरची बंदूक हलायची नाही. बाकीच्यांचं मी बघतो. पण जे लिहिलंत ते खोडून पाठवा. आणि उद्या बाजारात पोराबरोबर तुम्ही चला. चारचौघांत सांगा."

डॉक्टरांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी अहवाल पहिल्यापासून लिहायला घेतला. मंजिरी यंत्राला नवीन हिशेब घालत होती. दरवर्षी तारीख पाळली, तर चौथ्या वर्षी रानात किती पक्षी असतील, ते तिला बघायचं होतं. यंत्राने आकडा दाखवला, सहाशे चाळीस.

"एवढे होतील, आजोबा?"

"होतील. पण यंत्राबरोबर मोजायला तुला जावं लागेल. मला आता तो चढ झेपत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजाराच्या वेळेला, ते घागांच्या दारात जाऊन उभे राहिले.