आभाळात चढणारं शेत

जोयड्याच्या बाजारात मी जुना डबा टीव्ही शोधत फिरत होते आणि तो सापडला परशूच्या दुरुस्तीच्या दुकानात, वर चहाचा पेला ठेवलेला. विकणार का, विचारलं, तर म्हणतो कसा, मग पेला कुठं ठेवू? डोळे मात्र हसत होते... आणि मी, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी राजेश्वरीबाई, भाव करायचाच विसरले.

टीव्ही घेऊन तो स्वतःच गुंद गावात आमच्या घरी आला. मामानं दिलेला जुनापुराणा कॉम्प्युटर मी त्याला जोडला. त्या बिचाऱ्याला पडदाभर एकच रंग भरता येई. पण चित्र वरून खाली उमटत येतं ना, ते अर्ध्यावर आलं की मी प्रोग्रॅममध्ये लावलेला टायमर त्याला हटकतो — थांब, आता रंग बदल. मग वर निळं आभाळ, खाली हिरवं शेत.

माझं शेत मात्र सारखं आभाळात चढायचं. परशू म्हणाला, टीव्हीत खोट आहे, उद्या येऊन बघतो. मग रोजच उद्या! मागचं झाकण उघडायचं, उगाच फुंकर मारायची, आईच्या हातचा चहा प्यायचा आणि माझ्याकडे असं बघायचं की माझी बोटं भलत्याच बटणावर पडावीत.

खरं तर चूक माझीच होती. चित्र पहिल्यापासून सुरू होण्याची वाट न बघताच मी टायमर लावत होते. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली आणि शेत जागेवर बसलं. तेवढ्यात चढावर परशूची गाडी वाजली... आणि मी ती ओळ गुपचूप पुसून टाकली. प्रेमात शहाणी माणसं वेडी होतात, दुसरं काय!

मग खानापूरचं स्थळ आलं. रविवारी दुपारी बघायला येणार, आईनं सांगितलं. मला परशूच हवा होता, आणि हा बाबा टीव्हीपलीकडे काही बोलेना.

शनिवारी तो आला तेव्हा मी ती ओळ परत घातली. शेत जरासुद्धा हललं नाही. परशूचा चेहरा उतरला.

"म्हंजे... आता माझं काम न्हाई हितं."

"चूक माझीच हुती," मी म्हणाले. "कवाच सापडली हुती. तुम्ही यायचं थांबाल म्हणून दडवली."

तो हातातला टेस्टर नुसता फिरवत राहिला. मग खाली बघत हळूच म्हणाला,

"टीव्हीत खोट न्हवतीच, बाई. मला पयल्या दिवशीच ठाव हुतं."

दोघांनाही हसू आवरेना. आत आईची भांडी वाजायची थांबली. थांबू देत, म्हटलं.

"पाव्हणं उद्या दुपारी येणार हायेत," मी म्हणाले. "तुम्ही सकाळी या... तुमच्या आईला घेऊन."