विहिरीच्या चौकात मिटलेले डोळे

दार उघडलं तेव्हा टाचणीच्या एका हातात चमचा होता, दुसऱ्या हातावर बाळ, आणि बाळाच्या हनुवटीवरून कुस्करलेलं केळं ओघळत होतं.

"चोरी मी केलेली नाही," दारातली बाई म्हणाली. "हे आधी सांगते. पटलं तर आत येते."

"पटायचं नंतर बघू. आधी आत या, आणि त्या खुर्चीवरची झबली जरा बाजूला करा."

टाचणी हे तिचं लहानपणचं टोपणनाव. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून पडलेलं. लोकांच्या हरवलेल्या वस्तू आणि गेलेली अब्रू शोधून देणं हा तिचा धंदा. बाळ झाल्यावर तो बंद पडणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनं काय केलं, तर बाळाला छातीशी बांधायला एक लांब, मऊ ओढणी विकत घेतली.

तिचा धाकटा दीर कोपऱ्यात बसून पेन्सिलींना टोकं काढत होता. मदतनीस म्हणून तो आपणहूनच कामाला लागला होता. मदत किती व्हायची, हा वेगळा विषय.

"भावजी, पाणी द्या त्यांना. आणि बाई, तुम्ही सुरुवातीपासून सांगा."

आलेली बाई शहराच्या जुन्या वस्तीची गाइड होती. रोज सकाळी ती पाहुण्यांना पायी हिंडवायची, म्हणून सगळी वस्ती तिला फेरीबाई म्हणायची. फेरी वेशीपासून निघे. पाहुणे घोळक्यानं चालत आणि फेरीबाई बारीकशा माइकमध्ये हळू आवाजात बोले. प्रत्येकाच्या कानात एक छोटा सेट असे, त्यात तिचं बोलणं ऐकू येई.

"आरडाओरडा नको म्हणून सेट," फेरीबाई म्हणाली. "लोक राहतात हो तिथं. आधी बांधणीकाकांचं दुकान. ते हातानं पुस्तकं बांधतात. त्यांच्याकडे एक पितळी ठसा आहे, त्यावर पाखरू कोरलंय. काका तो तापवून चामड्यावर उमटवून दाखवतात. तिथून पुढं विहिरीचा चौक. मग परत वेशीवर."

"चौकात काय दाखवता?"

"काहीच नाही. तिथं मी बोलतच नाही. कमानीतून आत शिरलं की ओठांवर बोट ठेवते. सगळे कानातले सेट काढतात, डोळे मिटतात. मीपण मिटते. एरवी आपण वस्ती बघत असतो, तिथं ती ऐकायची. कुठं हातोडी, कुठं भांडी, विहिरीत पारवे घुमतात." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि त्यावरूनच माझ्यावर आळ आलाय."

काल फेरी संपल्यावर काका धावत वेशीवर आले होते. ठसा गायब. वेशीजवळच्या खोलीत टेबलावर फेरीबाईची कापडी पिशवी होती. परत आलेले पाहुणे त्या पिशवीत सेट टाकत. ती उलटी केली तर सगळ्या सेटच्या तळाशी पितळी पाखरू.

"रहिवासी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, 'डोळे तुम्हीच मिटायला लावलेत. तेवढ्यात तुम्ही जाऊन आला नाहीत कशावरून?' वेशीवर, सगळ्या वस्तीदेखत, माझा गाइडचा बिल्ला काढून घेतला. आज संध्याकाळी बैठक आहे. माफीनामा लिहून दे म्हणतात, प्रकरण मिटवू."

"लिहिणार?"

"माझा हात झडला तरी नाही! माफी मागितली म्हणजे चोरी कबूल केली. बिल्ला ठेवा म्हणावं. माझे पाय नाही ना काढून घेता येत?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "काका माझ्याशी बोलले असते तरी चाललं असतं. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे."

टाचणीनं बाळाचं तोंड पुसलं. "तुमची फेरी बंद पडली तर कुणाचं भलं?"

"एका गाड्यांच्या कंपनीचं. वस्तीतून बॅटरीच्या गाड्या फिरवायच्यात त्यांना. मंडळानं मागं नाही म्हटलं होतं, कारण चालणारा माणूस दुकानात डोकावतो, गाडीतला फक्त फोटो काढतो. आता अर्ज पुन्हा आलाय. अध्यक्षांचं म्हणणं, चोर फिरण्यापेक्षा गाड्या बऱ्या."

"भावजी, उठा. पेन्सिलींना पुरेशी टोकं आली."

बांधणीकाकांच्या दुकानात सरस आणि चामड्याचा वास होता. काकांनी फेरीबाईला पाहिलं आणि मान खाली घालून दोरा ओवायला घेतला.

"ठसा शेवटचा कधी पाहिलात?" टाचणीनं विचारलं.

"पाहुणे निघाले तेव्हा. या दगडावर निवत ठेवला होता. या बाई तर केव्हाच बाहेर पडल्या होत्या. एक फोटोवाला मागं रेंगाळला, ठसा सरकवायला गेला आणि चटका बसून बोंबलला. म्हटलं, बरं झालं! त्याला घालवला आणि मी मागच्या अंगणात सरस ढवळायला गेलो. आलो तर दगड रिकामा."

टाचणीनं फेरीबाईला चौकात पाठवलं आणि भावजींच्या कानात सेट घातला. मग तीही चौकाकडे गेली. बाळ किरकिरायला लागलं होतं. फेरीबाईनं माइक ओठांशी धरला आणि आपसूकच काहीतरी गुणगुणायला लागली, ना शब्द ना अर्थ, नुसती हेलकावणारी चाल. बाळाच्या पापण्या जडावल्या. टाचणीनं त्याच्या टाळूवर गाल टेकवला आणि घडीभर तिला चोराचा विसर पडला.

परत आली तर भावजी काकांच्या स्टुलावर पेंगत होते.

"वहिनी, काय गोड आवाज आहे हो! अगदी कानाशी बसून गात होत्या."

"इथवर ऐकू आलं?"

"स्वच्छ. म्हणजे सेट उत्तम आहेत. मग आपण तपासलं काय?"

"तेच," टाचणी म्हणाली.

कालच्या फेरीत एकाच घरातली बरीच माणसं होती. वेशीवर परत येईपर्यंत ती पोराबाळांना हाताशी धरून एकमेकांना चिकटूनच होती. एकेकटे आलेले तिघंच होते. टाचणी एकामागून एक तिघांकडे गेली.

निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या घराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसल्या होत्या.

"ठसा मला आवडला होता, लपवते कशाला? काकांना म्हटलं, विकता का? ते म्हणाले, मला विका त्याऐवजी." त्या हसल्या. "चौकात मी होते. डोळे मिटले आणि चक्क रडू आलं. का ते विचारू नका. परत येताना मी आणि फेरीबाई सगळ्यांच्या मागं होतो, गप्पा मारत. पिशवी तोवर सेटनी भरली होती. माझा वरच ठेवला."

बाहेर पडताच भावजी कुजबुजले, "वहिनी, यांनीच! ठसा आवडला म्हणाल्या."

"तुम्हालाही माझी नवी छत्री आवडली होती. चोरलीत का?"

छत्री सध्या भावजींच्याच खोलीत होती.

फोटोग्राफरच्या बोटाला पट्टी होती. ती बघून भावजींनी टाचणीला कोपर मारलं.

"हो, भाजलं," फोटोग्राफर वैतागून म्हणाला. "पळत घोळका गाठला. चौकात डोळे मिटायचे, म्हणजे फोटो नाही. माझ्यासारख्याला शिक्षाच की! परत येताना मी पुढं होतो, पण तो सूटवाला माझ्याही आधी पोचला. मी खोलीत शिरलो तेव्हा सेट टाकून खुर्चीवर आरामात बसला होता."

सूटवाले गृहस्थ हॉटेलच्या व्हरांड्यात भेटले. त्यांनी स्वतः उठून टाचणीला खुर्ची दिली.

"त्या बाईंबद्दल मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "शिकलेल्या दिसतात. गरजेपोटी माणूस चुकतो. माफ करावं, मी तर म्हणतो. फक्त ही फेरी बंद करावी."

"तुम्ही पूर्ण फेरीत होतात?"

"अथपासून इतिपर्यंत. वेशीच्या कमानीवरचा सिंह, काकांच्या आजोबांची गोष्ट, सगळं म्हणून दाखवू? फक्त यंत्रं भिकार आहेत हो. मधेच सेट बंद पडला, बराच वेळ. मग आपोआप चालू झाला." त्यांनी झोपलेल्या बाळाकडे प्रेमानं पाहिलं. "ऊन फार आहे. माझ्या गाडीतून सोडतो ना. जराही आवाज करत नाही, बाळ उठायचं नाही."

"नको. त्याला माझ्या चालण्याची सवय आहे."

वाटेत भावजी म्हणाले, "किती सज्जन माणूस! आणि सेट मात्र त्यांचाच बंद पडावा."

टाचणी हसली. "भावजी, आज तुम्ही दोनदा बरोबर बोललात. फक्त दोन्ही वेळा पुढचा विचार केला नाहीत."

संध्याकाळी बैठकीला बांधणीकाकांच्या दुकानात दाटी झाली होती. टाचणीनं त्या तिघा पाहुण्यांनाही बोलावून घेतलं होतं. अध्यक्षांनी कोरा कागद आणि पेन फेरीबाईपुढं सरकवलं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते परत सरकवलं.

"लिहिण्याआधी मला थोडं बोलू द्या," टाचणी उभी राहिली. बाळ तिच्या छातीशी गाढ झोपलेलं होतं. "मी तिघांना एकच प्रश्न विचारते. विहिरीच्या चौकात फेरीबाईंनी काय सांगितलं?"

मुख्याध्यापिकांनी उत्तरादाखल ओठांवर बोट ठेवलं. फोटोग्राफरनं कानातून काहीतरी काढल्यासारखं केलं आणि डोळे मिटले.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं ना, तिथं माझा सेट बंद पडला होता," सूटवाले गृहस्थ म्हणाले. "पण दिसत तर होतं. बाई विहिरीकडे हात करून रंगून सांगत होत्या. लोक माना डोलवत होते."

अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून गृहस्थांकडे बघत राहिले.

"काय झालं?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही," टाचणी म्हणाली. "त्या चौकात फेरीबाई कधीच बोलत नाहीत. सेट बंद पडत नाही, त्याच गप्प होतात. सांगतात तेही खुणेनं. जो चौकात होता त्याला ते माहीत आहे. जो नव्हता, त्याच्या कानात फक्त शांतता आली, आणि त्याला वाटलं यंत्र बिघडलं."

"पण वहिनी, बाकीचं सगळं त्यांना पाठ होतं की!" भावजी म्हणाले.

"ऐकून पाठ होतं. तुम्ही याच स्टुलावर बसून चौकातलं गाणं ऐकलंत ना? तसंच. हे घोळक्यातून मागं सटकले आणि इथंच गल्लीत थांबले. कान तिकडे, डोळे इकडे. फोटोवाल्यांचं बोट भाजलं, म्हणजे बाई बाहेर पडल्यावरही ठसा दगडावर होता, गरमागरम. काका अंगणात गेले, ठसा निवला आणि उचलला गेला. चौकात सगळे डोळे मिटून उभे होते तेव्हाच."

"मग त्या बाईनंच उचलला नसेल कशावरून?" गृहस्थ ताडकन म्हणाले.

"पिशवीवरून. फेरीच्या सुरुवातीला सगळे सेट वाटले, तेव्हा ती रिकामी झाली. ठसा मिळाला तळाशी. म्हणजे तो पहिल्या सेटआधी किंवा पहिल्या सेटबरोबर आत गेला. फेरीबाई पोचल्या शेवटी, मुख्याध्यापिकांबरोबर, तेव्हा पिशवी भरलेली होती. वरून टाकलेला ठसा तळाशी कसा जाईल? पहिला सेट टाकून खुर्चीत बसलं होतं कोण?"

फोटोग्राफरनं पट्टी बांधलेलं बोट गृहस्थांकडे रोखलं.

"मी एक परका पाहुणा," गृहस्थ हसले. "पितळेचा तुकडा मला कशाला हवा?"

"ठसा नकोच होता तुम्हाला, म्हणून तर पिशवीत टाकलात. तुम्हाला रस्ता हवा होता. आवाज न करणारी गाडी आहे ना तुमची? बॅटरीवरची. अध्यक्ष, त्या कंपनीचे मालक तुम्ही पाहिलेत का कधी?"

"नाही," अध्यक्ष उठले. "फोनवरच बोललोय. पण हा आवाज... मघापासून मला वाटतंय. हाच तो आवाज."

गृहस्थांनी कोट सावरला. "तुमच्या या पडक्या गल्ल्यांना मी चांगले दिवस दाखवणार होतो."

"आमचे दिवस आम्ही बघू," फेरीबाई म्हणाली. "तुम्ही आधी पोलीस चौकी बघा. जवळच आहे, चालत जाता येतं."

दोघा दुकानदारांनी गृहस्थांना मध्ये घेतलं आणि तिघं बाहेर पडले. बांधणीकाका आपल्या जागेवरून उठले. त्यांनी फेरीबाईचा हात आपल्या सरसानं चिकट झालेल्या हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. तिनं सोडवून घेतला नाही.

अध्यक्षांनी खिशातून बिल्ला काढला. "घ्या. झालं गेलं विसरून जा."

"इथं नाही," फेरीबाई म्हणाली. "वेशीवर काढून घेतलात, वेशीवर द्या. चोर म्हणालात तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं. आता तसंच, तितक्याच मोठ्यानं बोला."

"अहो, समजून घ्या जरा..."

"खूप घेतलं समजून."

सगळा घोळका वेशीकडे निघाला. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. अध्यक्ष कमानीखाली उभे राहिले, घसा खाकरला आणि पुटपुटले, "या बाई निर्दोष आहेत. मंडळाची चूक झाली."

"ऐकू नाही आलं," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

अध्यक्षांनी टाचणीच्या छातीशी झोपलेल्या बाळाकडे बोट दाखवलं. "अहो, लेकरू झोपलंय. उठेल ना."

टाचणीनं ओढणी सैल केली आणि बाळाचा कान मोकळा केला.

"उठू द्या," ती म्हणाली. "असलं ऐकायला माणसानं उठलंच पाहिजे. बोला."