वारेचा डबा

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली होती आणि त्या खोलीतल्या फ्रीजवर मोठ्या सिस्टरांचं राज्य होतं. ज्या आईला आपली वार घरी न्यायची असेल, तिची वार त्या तिथे सांभाळून ठेवत. नऊ महिने बाळाला पोसून बाहेर पडलेला तो मांसाचा गोळा कुणाला कशाला हवा, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. नियम मात्र कडक होते. दोन पिशव्या, वर घट्ट झाकणाचा डबा, डब्यावर आईचं नाव आणि वेळ, तासाच्या आत फ्रीज. तीन दिवसांत नेली नाही तर डीप फ्रीझर. शिवाय रोज सकाळी वजन, म्हणजे पिशवी कुठे गळत असेल तर लगेच कळावं. या वजनापायी वॉर्डातल्या नर्स पोरींनी पाठीमागे त्यांचं नाव तराजूबाई ठेवलं होतं. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या आठवड्यात एक मुलगी जवळजवळ तीन महिने आधीच जन्माला आली. वजन एक हजार ऐंशी ग्रॅम. बाळांच्या डॉक्टरांनी आईपासून काही लपवलं नाही. इतक्या लहान बाळाचं वजन आधी उतरतं. फार उतरलं तर आपल्या हातात फारसं उरत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. आई शिवणकाम करणारी होती, मोजकं बोलणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या सिस्टरांना एवढंच म्हणाली, "सिस्टर, वार ठेवा. आम्ही घरी जाऊ तेव्हा सोबत नेऊ."

वार दोनशे साठ ग्रॅम भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा वीस ग्रॅमनी हलका झाला होता. सिस्टरांनी पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या. दोन्ही कोरड्या ठणठणीत. डब्यात थेंब नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी वीस कमी. आता त्यांच्या कपाळाला आठी पडली. चहाच्या वेळी डॉक्टर खुशीत सांगत होते, की काचपेटीतल्या त्या मुलीचं वजन उतरायचं सोडून रोज वीस ग्रॅमनी वाढतंय. असं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. काटा एकदा तपासून घ्या, असं ते हसत म्हणाले. सिस्टरांनी दोन्ही काटे तपासले. दोन्ही बरोबर होते.

चौथ्या दिवशी मुलगी अकराशे चाळीस आणि वार दोनशे. सिस्टरांनी ते आकडे शेजारी शेजारी लिहिले, पाहिले आणि कागद फाडून टाकला. बत्तीस वर्षांची नोकरी होती. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या तर लोक रजेवर पाठवतात. तीन दिवस भरले होते. नियमाप्रमाणे त्यांनी डबा उचलून डीप फ्रीझरमध्ये ठेवला.

दुपारी बाळांच्या खोलीतून हाक आली.

मुलगी गार पडत चालली होती. पेटीची ऊब वाढवली, पेटी बदलली, तरी अंग तापेना. ओठ निळसर झाले होते. आई दारात उभी होती. सिस्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या चालू लागल्या. मग चक्क धावल्या.

डब्याचं झाकण बर्फाने धरलं होतं. हातमोजा सारखा निसटत होता. त्यांनी डाव्या हातातला मोजा काढून फेकला.

वार गोठली नव्हती.

जन्मात कधी केलं नाही ते त्यांनी केलं. दोन्ही पिशव्या उघडल्या आणि उघडा तळवा वारेवर ठेवला. ती गार होती, पण खोलवर कुठेतरी काहीतरी हळूच ठोकत होतं. थांबत होतं. पुन्हा ठोकत होतं.

त्या स्टुलावर बसल्या आणि डबा मांडीवर घेतला. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण हात काढून घ्यावासा वाटला नाही.

"घे गं पोरी," त्या म्हणाल्या. "घे."

तळव्याखाली ऊब यायला लागली, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं, की मुलीने रंग धरला.

डबा पुन्हा साध्या फ्रीजमध्ये गेला आणि त्यानंतर तिथून हलला नाही. त्याला कसला वास आला नाही. चौदाव्या दिवशी पिशव्या रिकाम्या होत्या, आतून धुतल्यासारख्या स्वच्छ. मुलगी तेव्हा तेराशे चाळीसवर होती. घरी जायला अजून साडेचारशे ग्रॅम हवे होते.  रात्रभर सिस्टरांचा डोळा लागला नाही आणि सकाळी सगळ्यांच्या आधी त्या पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तेराशे साठ.

पुढेही ती वाढतच राहिली, रोज वीस, एक दिवस न चुकता. वॉर्डातल्या पोरी तिला गुबी म्हणू लागल्या. घरी जायच्या दिवशी तिने जांभई देऊन डॉक्टरांचं बोट घट्ट पकडलं आणि डॉक्टर तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

मोठ्या सिस्टरांनी आईच्या हातात रिकामा डबा ठेवला. काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं, पण ते सांगायची वेळच आली नाही. आईने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "पुरलं का तिला?"

"पुरलं," सिस्टर म्हणाल्या. "थोडं कमी पडत होतं, ते आम्ही घातलं."

आईने त्यांचा डावा हात क्षणभर दोन्ही हातांत धरला. 

दहा दिवसांनी आईचा फोन आला. मुलगी दोन किलोची झाली होती, रोज वीस ग्रॅम, न चुकता. सिस्टर मनापासून हसल्या. अशीच वाढू दे म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी घड्याळ काढून उजव्या हातात बांधलं. पट्ट्याला सुईने पाच नवी भोकं पाडून झाली होती. डाव्या मनगटावर आता ते राहत नव्हतं.