परवाची कॅसेट

"जरा थांबा हं. मला मरू द्या, मग बघते."

सुलतान बाजारातल्या हिम्मतराव बिरादारांच्या दुकानात अनिल दामले पहिल्यांदा पाऊल टाकता झाला, तेव्हा त्याचं स्वागत हे असं झालं. बोलणारी मुलगी पाठमोरी होती. स्टुलावर बसून ती समोरच्या टीव्हीतल्या एका इवल्याशा शिपायाला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावत होती. तिसऱ्या की चौथ्या खड्ड्यात शिपाई पडला. टीव्हीनं एक केविलवाणा सूर काढला. मुलीनं उसासा टाकला, कपाळावरची बट कानामागे सारली आणि वळून म्हणाली, "हां, मेले. बोला."

अनिलच्या हातात मोरपंखी रंगाच्या कापडाचा एक तुकडा होता. नल्लकुंट्यातल्या त्याच्या घरमालकीण सुशीलाबाई यांनी 'बाजारात जायलाव तर ह्याला जुळता फॉल आणा' म्हणून तो त्याच्या हाती दिला होता. वाक्य सोपं होतं. पण समोरच्या डोळ्यांत शिपायाच्या मृत्यूचं खरोखरीचं दुःख बघून अनिल ते विसरला. त्यानं नुसताच तुकडा पुढे केला.

"फॉल त्या बाजूला," मुलगी म्हणाली. "ह्या बाजूला गेम."

देशाचे दरवाजे उघडले तेव्हा सगळ्यांनीच आपापल्या परीनं काही ना काही उघडलं होतं. हिम्मतरावांनी दुकानाची उजवी बाजू उघडली. डावीकडे परकर, अस्तर आणि फॉल पूर्वीसारखेच राहिले, उजवीकडे जागतिकीकरण आलं. ते रेणूकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे होतं. टीव्हीला जोडायचे गेम, त्यांच्या रंगीबेरंगी कॅसेट, विकणं आणि जुन्या बदलून देणं. हिम्मतराव त्या बाजूला फिरकत नसत. त्यांचा परकरावर विश्वास होता.

"तुम्ही खेळता का गेम?" रेणूनं विचारलं.

"मी कॉम्प्युटरवर खेळतो," अनिल म्हणाला. आम्ही घरचंच तूप खातो, हे लोक ज्या सुरात सांगतात त्या सुरात. तो पुण्याचा होता आणि नल्लकुंट्यातल्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवत होता; दोन्ही गोष्टींचा परिणाम आवाजावर होतोच.

"मग गेम ठेवता कशात?"

"फ्लॉपीत. कॅसेटसारखं नाही ते. एकीच्या दहा करता येतात. कुणालाही द्या, आपल्याकडे राहतेच."

"राहतेच?"

"राहतेच."

"मग दिली कशी?" रेणू म्हणाली.

ह्यावर अनिलकडे उत्तर नव्हतं. असा प्रसंग त्याच्यावर आयुष्यात फारसा आला नव्हता, त्यामुळे पुढच्या रविवारी त्याला पुन्हा यावंच लागलं. त्याच्या पुढच्याही. सुशीलाबाईंकडे काही आठवड्यांतच फॉल जास्त आणि साड्या कमी, अशी परिस्थिती झाली.

एका रविवारी एक कॅसेट चालेना. रेणूनं ती ओढून काढली, ओठांशी धरली, डोळे मिटले आणि हलकेच फुंकर मारली... फू. धूळ उडाली. बट उडाली. कॅसेट लगेच चालू लागली. कॉम्प्युटर श्रेष्ठ आहे, ह्याबद्दलचं अनिलचं मत त्या दिवसापासून जरा पातळ झालं. कुठल्याही फ्लॉपीला कुणी असं केल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

आणि मग त्याला ती पिवळी कॅसेट दिसली.

सगळ्यात वरच्या फळीवर, खंडोबाच्या तसबिरीशेजारी, एकटीच. कडेला बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं.

"ती केवढ्याला?" त्यानं सहज विचारलं.

"ती विकायची नाही. हर्षवर्धनची आहे. परवाच दिली त्यानं."

"परवा?"

"हौ, परवा. इथंच बसून खेळायलाता. जाताना म्हणाला, तुझ्याकडेच राहू दे." असं म्हणून तिनं त्या कॅसेटकडे पाहिलं... आणि अशी काही हसली, की अनिलच्या पोटात कुणीतरी फॉल-पिकोचं मशीन सुरू केलं.

पुण्याच्या माणसाचा परवा हा परवाच असतो. आजच्या मागे काल, कालच्या मागे परवा. त्यात शंकेला जागा नाही. परवा शुक्रवार होता. म्हणजे शुक्रवारी, अनिल जेव्हा वर्गात फळ्यावर चौकटी काढत होता, तेव्हा हा हर्षवर्धन ह्या स्टुलावर, बहुधा ह्याच स्टुलावर, बसला होता. अनिल स्टुलावरून उठला.

पुढच्या रविवारी रेणू म्हणाली, "परवा मी आणि हर्षवर्धन जामबागेपासून कोठीपर्यंत भिजत आलो. छत्री होती, उघडलीच नाही."

नल्लकुंट्यात त्या आठवड्यात टिपूसही पडला नव्हता. पण अनिलला हे खटकलं नाही. जळणाऱ्या माणसाचं हवामान खातं निराळं असतं. तिथे नको त्या दोघांवर बरोबर पाऊस पडतो. रात्री त्याला ती बंद छत्री दिसली. उघडी असती तर एवढा त्रास झाला नसता.

हळूहळू त्यानं हर्षवर्धन तयार केला. उंची सहा फूट. मोटारसायकल. खर्जातला आवाज. दुकानात रुंद खांद्यांचा कुणी शिरला की अनिल त्याच्याकडे बारीक डोळ्यांनी बघे. बायकोचा परकर बदलायला आलेल्या एका भल्या गृहस्थाला तर त्यानं इतकं रोखून पाहिलं, की तो बिचारा न बदलताच परकर घेऊन गेला.

"तुमचं डोकं दुखायलंय का?" रेणूनं विचारलं.

"नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

"तोंड असंच आहे," अनिल म्हणाला.

शेवटी त्यानं ठरवलं, की त्या पिवळ्या कॅसेटला उत्तर द्यायचं. वर्ग सुटल्यावर संस्थेत बसून त्यानं स्वतः एक गेम लिहिला. त्यात मोरपंखी साडीतली एक मुलगी खड्ड्यांवरून उड्या मारत जाई. खड्डे खूप होते, पण ती कुठल्याच खड्ड्यात पडत नसे. काहीही करा, ती मरतच नसे. खेळ म्हणून ही मोठीच चूक होती. अनिलनं ती दुरुस्त केली नाही.

रविवारी त्यानं फ्लॉपी रेणूच्या हातावर ठेवली. "मी केलाय. तुमच्यासाठी."

रेणूनं ती उलटसुलट फिरवली. तिच्या गालांवर काहीतरी रंगाचं होऊ घातलं होतं. "माझ्यासाठी... आणि नाव काय गेमचं?"

"रेणू."

गालांवरचं ते काम पूर्ण झालं. मग तिनं हळूच विचारलं, "ही एकच आहे?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं. अनिल म्हणाला, "तशी... एक संस्थेच्या कॉम्प्युटरवर आहे. आणि वर्गातल्या मुलांनी आपापल्या फ्लॉपीवर घेतल्यात. फारच आवडली त्यांना."

"म्हणजे अख्ख्या नल्लकुंट्यात पोरं मला उड्या मारवायलेत."

"तुम्हाला नाही, त्या—"

"नाव काय म्हणालात तिचं?"

रेणूनं फ्लॉपी काउंटरवर ठेवली आणि त्याच्याकडे सरकवली. "हर्षवर्धनकडे ती एकच कॅसेट होती," ती म्हणाली. "मामानं दुबईहून आणलेली. ती दिल्यावर त्याच्याकडे खेळायला काहीच राहिलं नाही. तरी दिली."

आता पोटातलं मशीन पार डोक्यापर्यंत पोचलं. "मग त्याच्याशीच लग्न करा ना," अनिल म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच दचकला.

रेणूनं शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. "त्याचं झालंय लग्न."

"कधी?"

"परवा."

अनिल मटकन बाजूच्या खुर्चीत बसला. परवा. परवा त्या नालायकानं दुसरीशी लग्न केलं, आणि ही इथे बसून त्याच्या त्यागाच्या गोष्टी सांगतेय. त्याला तिची दया आली, हर्षवर्धनचा संताप आला, आणि ह्या दोन्हींच्या खालून अत्यंत लाजिरवाणा असा आनंदही झाला. ह्या तिघांपैकी कुणाला आधी बोलू द्यावं हे ठरेना. तेवढ्यात डाव्या बाजूनं, परकरांच्या थप्पीआडून, हिम्मतरावांचा आवाज आला.

"दामले मास्तर, जपून बसा. ती खुर्ची नाजूक आहे. माझ्या वडलांनी घेतली परवा, पोलीस अ‍ॅक्शन झालं तेव्हा."

"परवा?" अनिल म्हणाला.

"हौ, परवा."

"पण पोलीस अ‍ॅक्शन अठ्ठेचाळीस साली झालं."

"मग?" हिम्मतराव परकराची घडी घालत म्हणाले. "काल झालं असं म्हणलो का मी?"

अनिल सावकाश रेणूकडे वळला.

"हर्षवर्धननं कॅसेट दिली... तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"नववीत. त्याच्या वडलांची बदली झाली ना, जायच्या दिवशी दिली."

"आणि ते भिजणं?"

"त्याच साली. शाळा सुटल्यावर." मग ती थांबली. डोळे बारीक करून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जे असंच आहे असं त्यानं सांगितलं होतं. "तुम्ही... तुम्हाला परवा म्हणजे परवा वाटलं?"

"परवा म्हणजे परवाच असतो."

"आमच्याकडे आज नाही, काल नाही, ते सगळं परवा." तिच्या ओठांच्या कडा थरथरू लागल्या. "म्हणजे इतके दिवस तुम्ही जळायलाव."

"मी जळत नाही."

"फॉल तरी ठेवले की जाळून टाकले?"

तिचं हसू तसबिरीतल्या खंडोबापर्यंत पोचलं. अनिल मात्र हसला नाही. फ्लॉपी उचलून तो निघाला. कारण हर्षवर्धन परवाचा असो की नववीतला, ती पिवळी कॅसेट अजून वरच होती, आणि ती का वर आहे हे त्याला आता नीटच कळलं होतं.

त्या आठवड्यात संस्थेत हाहाकार उडाला. दामले सरांनी मुलांकडून एकेक फ्लॉपी मागून घेतली आणि त्यांच्यादेखत मोरपंखी साडीतली मुलगी पुसून टाकली. मुलं कळवळली. एकानं तर, सर, माझ्याकडे ती शेवटच्या खड्ड्यापर्यंत आली होती, असं सांगून पाहिलं. सर द्रवले नाहीत. शेवटी त्यांनी संस्थेच्या कॉम्प्युटरवरूनही ती पुसली. बटण दाबताना बोट जरा अडखळलं... पण दाबलं.

रविवारी अनिल पुन्हा त्या काउंटरशी उभा राहिला. बाहेर अवेळीच झाकोळून आलं होतं आणि बांगड्यांच्या गाड्यांवर प्लास्टिकचे कागद चढत होते. त्यानं फ्लॉपी पुढे ठेवली.

"आता ही एकच आहे."

"मुलांकडची?"

"पुसली."

"तुमच्याकडची?"

"माझ्याकडे काही नाही," अनिल म्हणाला. "पुन्हा लिहायला बसलो तरी तशीच होणार नाही. ही... दिली."

रेणूनं फ्लॉपी उचलली, ओठांशी नेली, आणि सवयीनं डोळे मिटून हलकेच फुंकर मारली. फ्लॉपीला त्याची गरज नव्हती. अनिलला होती.

मग स्टुलावर चढून तिनं ती वरच्या फळीवर ठेवली.

"पिवळीला चिकटून नको," अनिल म्हणाला.

तिनं फ्लॉपी एक बोटभर सरकवली. "बस?"

"अजून जरा."

खाली उतरून ती म्हणाली, "पण ही लावायची कशात? आमच्याकडे कॉम्प्युटर नाही."

"मी घेणार आहे. घरी."

"घर कुठाय तुम्हाला? सुशीलाबाईंची खोली आहे."

"घरही घेणार आहे."

"एकट्यासाठी?"

बाहेर टपटप सुरू झाली. डाव्या बाजूला हिम्मतराव मघापासून एकाच परकराची घडी घालत होते. ती काही केल्या जमत नव्हती.

"फ्लॉपी तुझी आहे," अनिल म्हणाला. आपण 'तुमची' म्हणालो नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. "कॉम्प्युटर माझा असेल. वेगवेगळ्या घरांत ठेवले तर... चालणार नाहीत."

वडलांकडे चोरून बघत रेणूनं काउंटरवरची नसलेली धूळ बोटानं पुसली. "आबांना विचारावं लागंल."

"कधी विचारशील?"

"विचारते की. परवा."

अनिलचा चेहरा इतका पडला, की डावीकडची घडीही थांबली. पोलीस अ‍ॅक्शन, नववीची शाळा, खुर्ची, छत्री, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यानं अगदी क्षीण आवाजात विचारलं, "कोणता परवा?"

रेणूनं बट कानामागे सारली.

"पुण्याचा," ती म्हणाली.