बुजवलेल्या भोकाआड

दुपारी जेवणं आटोपल्यावर ताई नेहमीसारखीच दुरुस्त केलेली नाणी घेऊन भावाच्या दुकानात गेली. जुनी नाणी विकायचं काम भावाचं, डागडुजी तिची. पूर्वी लोक नाण्याला भोक पाडून दोऱ्यात ओवत आणि पोरांच्या गळ्यात घालत. असं भोक ताई चांदीचा तुकडा बसवून, डाख देऊन बुजवायची, पुसलेली अक्षरं पुन्हा कोरायची. हात इतका बसलेला की भिंगाखालीही सांधा सापडू नये. तिची अट एकच होती. गिऱ्हाइकाला सांगायचं, इथं भोक होतं.

आणि भाऊ काय करत होता? तिनंच बुजवलेलं एक नाणं काउंटरवर ठेवून समोरच्या म्हाताऱ्या मास्तरांना छातीठोकपणे सांगत होता, "याला कुणी हात लावलेला नाही, मास्तर. टांकसाळीतून आलं तसंच आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांनी पोटाला चिमटा काढून एकेक नाणं जमवलेलं. अशा माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकायची, आणि तीसुद्धा तिच्या हातच्या कामाच्या जोरावर!

"भोक होतं हे सांगितलंस का त्यांना?"

"ताईला थट्टेची सवय आहे हो," भाऊ निर्लज्जासारखा हसला.

मास्तरांचं लक्षच नव्हतं. डोळ्याला भिंग लावून ते नाण्यावर वाकले होते, ते वाकलेलेच राहिले.

"भोक आहे की यात..." ते पुटपुटले.

"बघ! मी काय म्हणतेय?"

"आणि त्यातून... कुणीतरी बघतंय."

पंखा गरगरत होता, तरी दुकानात एकाएकी कोंदटलं. ओल्या केसांना येतो तसला वास सुटला.

"तुमचाच डोळा दिसत असेल भिंगात," भाऊ म्हणाला.

"माझा नाही... लहान आहे. पोरीचा असावा." मास्तरांनी नाणं अलगद खाली ठेवलं, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं. मग काठी तिथंच विसरून ते निघून गेले.

भाऊ तिच्यावरच उखडला. "घालवलंस ना गिऱ्हाईक! तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?"

"मी तोंड बंद ठेवू? खोटं तू बोलायचं आणि वर मलाच दटावायचं? आजवर अशी किती विकलीस, तेवढं सांग."

"तू बुजवलेली सगळीच. कुणाला दिसलं?"

एवढी वर्षं ज्या हातांचा ताईला अभिमान होता, त्यांना यानं चोराचे हात करून टाकलं होतं. तिनं नाणं भिंगाखाली घेतलं. चांदी घट्ट, अक्षरं ठसठशीत. भोकाचा मागमूस नव्हता. तरी बुजवलेल्या जागी बोट टेकवलं तेव्हा तिथं ऊब लागली, कुणी तोंडाजवळ श्वास सोडावा तशी.

"फोन उचल," ती म्हणाली. "मास्तरांपासून सुरू कर. सगळ्यांना खरं सांग."

भावानं कुरकुरत हात पुढे केला, तोच फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक होतं. आवाज इतका दबका की भावाला तो स्पीकरवर टाकावा लागला.

"तुमच्याकडनं घेतलेलं नाणं... त्याला भोक नव्हतं ना हो?"

ताईनं मोकळ्या हातानं फोन हिसकावला. "होतं! भोक होतं, आणि यानं ते तुमच्यापासून लपवलं. मी बजावून सांगितलं होतं याला. माझा यात काही दोष नाही!"

"बुजवणाऱ्या बाई तुम्हीच का?" पलीकडचा माणूस कुजबुजला. "नाण्यातली ही पोरगी कधीची तुम्हांलाच हाक मारतेय... विकणाऱ्याचं नावही घेत नाही. बाहेरची वाट तुम्हीच बुजवलीत म्हणते."

"मला? मला का म्हणून?" ताई ओरडली.

आणि नाण्यावर टेकलेलं तिचं बोट आतून कुणीतरी चिमुकल्या मुठीत घट्ट धरलं.