तिचा पसारा

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच.

संस्थेतल्या पाच प्रयोगशाळा मिळून एकच मोठी संगणक-यंत्रणा वापरायच्या. ती सांभाळायचं काम माझ्याकडे. एकदा डिस्क भरली आणि सगळ्यांची कामं अडली. बघितलं तर निम्मी जागा एकाच बाईने अडवलेली! तणतणत तिच्या खोलीत गेलो.

"पेशींचे फोटो आहेत हो," ती म्हणाली. "टाकवत नाहीत."

"पण एकेक फोटो चार-चार ठिकाणी?"

"हरवला तर?"

"मग मी कशाला आहे इथे?"

"हो का…" ती हसली. "आधी सांगायचं ना!"

मी नियम केला. सहा महिने कोणीच न उघडलेली फाइल पुसली जाणार. तर ही बाई मुदत संपत आली की माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची, फोटो उघडायची, बंद करायची.

"ही शुद्ध फसवणूक आहे," मी म्हणालो.

"नियमात बसतंय की."

"अहो, पण हे तुमच्या खोलीतूनही करता येतं!"

"माहितीये मला—" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो घरी जाताना जिन्यात. तसाच उलटा वर पळालो. ती अजून तिथेच बसली होती. "किती वेळ लावलात," म्हणाली.

लग्नानंतर घरातही तोच पसारा. कपात पेनं, उशीखाली चष्मा. मी रोज वैतागायचो.

ती गेली. घर आवरलेलं राहू लागलं, त्याचाही वैताग यायचा.

मग तिच्या फायलींची सहा महिन्यांची मुदत संपली. जन्मभर सगळ्यांना नियम ऐकवले, बायकोसाठी कसा मोडू? स्वतः उघडाव्यात तर हात होईना. सफाई सुरू केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर सगळं जागच्या जागी. एकही फोटो पुसला गेला नव्हता. यंत्रणा बिघडली म्हणून चरफडतच तपासायला बसलो, तेवढ्यात शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलगी आली. तीही वैतागलेली.

"सर, मॅडमचे फोटो आम्ही सगळेच रोज उघडतो. पण एकेक चार-चार ठिकाणी का ठेवलाय हो त्यांनी?"

मी शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"हरवला तर?" मी म्हणालो.