दचक्यातली तिसरी ओळ

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यांनी सोलापुरात येऊन माझ्या मामाला विचारावं. मामा काही सांगणार नाही, पण विचारावं.

साल शहात्तर. मे महिना. शुक्रवार.

भुतं रात्री बाराला येतात असं तुम्ही वाचलं असेल. हे दुपारी बाराला आलं. सोलापूरच्या मे महिन्यात त्या वेळी जिवंत माणूस बाहेर पडत नाही, म्हणून रस्ता मोकळा मिळाला असेल.

मामाचं नाव मल्लप्पा. लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा. त्याच बँडात ट्रम्पेटवर गुरुलिंग. दोघं असे जिगरी, की एकाला उचकी लागली तर पाणी दुसरा प्यायचा.

सत्तर साली गुरुलिंगनं बाजारातून एक तबकडी आणली. रेल्वेतला कुणी गार्ड घरदार विकून परदेशी गेला, त्याच्या सामानातली. इंग्रजी गाणं, रॉक अँड रोल. तबकडीवरचा कागद पाण्यानं गेलेला. दोनच शब्द शिल्लक होते, 'मेड इन'. तेव्हा गायकाचं नाव मेडिन, असं ठरलं. पुढं एका टॉर्चवरही तेच नाव दिसलं. माणूस धंद्यात उतरला, असं मल्लप्पाला वाटलं.

मेडिनसाहेब गायचा झकास. आपल्याला आगीच्या बंबातून गावाबाहेर नेत आहेत आणि आपली काही हरकत नाही, असा आवाज.

पण तबकडीवर एक ओरखडा होता.

दुसरी ओळ संपली की सुई 'टक्' करायची. आणि उडी मारून थेट चौथीवर.

तिसरी ओळ कुणीच ऐकली नाही.

दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, तबकडी खराब आहे. या दोघांना वाटलं, साहेबानं मुद्दाम केलंय, काहीतरी भारी आहे. त्यांनी ते 'टक्'सुद्धा बसवून घेतलं. दुसरी ओळ झाली की सगळा बँड गप्प. ड्रमच्या काठावर काडीचा एक टक्. मग चौथी ओळ.

लोक वेडे झाले. नाचता नाचता तिथं गोठायचे. नवरदेवाचा घोडासुद्धा शिकला, एक पाय वर धरून थांबायचा. गाण्याचं नाव पडलं दचका.

दचका ओलांडून बँडला पलीकडं न्यायचं काम गुरुलिंगचं. त्याचं ट्रम्पेट सवाल टाकायचं, मल्लप्पाचं क्लॅरनेट जवाब द्यायचं. सवालाशिवाय जवाब नाही. असं त्याचं म्हणणं होतं, आणि मल्लप्पानं ते मानलं होतं.

पाच वर्षांत गाणं गावोगाव पसरलं. कुंभारीच्या भजनी मंडळानं त्याला सिद्धेश्वराचे शब्द लावले. मोहोळच्या बँडनं ते सनईवर घेतलं. एका पार्टीनं त्याची कव्वाली केली. एका दंतमंजनवाल्यानं टांग्यावर कर्णा बांधून तीच चाल लावली. मूळ इंग्रजी शब्द एकाकडंही उरले नव्हते, पण 'टक्' सगळ्यांनी जपला. भजनात म्हातारे मधेच टाळ थांबवून एकमेकांकडं संशयानं बघायचे. दंतमंजनवाला "दात…" म्हणून थांबला, की गिऱ्हाईक घाबरून आपले दात चाचपायचं.

मेडिनसाहेबाला यातलं काहीच कळलं नसणार.

बहात्तर साली मल्लप्पाला पुण्याहून चिठ्ठी आली. रेडिओवर वाजवायला या, पसंत पडलं तर कायमचं काम.

गुरुलिंग त्या दिवशी जेवला नाही. मल्लप्पाच्या दारात येऊन बसला. तू गेलास तर दचक्याच्या अलीकडंच राहशील, म्हणाला. तुला पलीकडं कोण नेणार तिथं? गाणं दोघांचं आहे, अर्धं घेऊन गेलास तर मरेल.

मल्लप्पानं चिठ्ठी चुलीत घातली. दोस्त दारात बसलाय म्हटल्यावर दुसरं काय करणार.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर गुरुलिंगला कावीळ झाली. तीन आठवड्यांत गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून माती दिली. त्याचं ट्रम्पेट मल्लप्पानंच त्याच्या मांडीवर ठेवलं. खड्डा पूर्ण बुजेपर्यंत तो जागचा हलला नाही.

हे ट्रम्पेटचं लक्षात ठेवा. ते जमिनीखाली होतं.

फेब्रुवारीत मल्लप्पा कुंभारीला सकाळच्या भजनाला गेला होता. दुसरी ओळ झाली. टाळ थांबले.

टक्.

आणि…

कुणीतरी श्वास घेतला.

ओठांच्या कोपऱ्यातून, झटकन. ट्रम्पेटवाले घेतात तसा.

मल्लप्पानं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

आठ दिवसांनी चौकात दंतमंजनवाला भेटला. "दात…"

…तीन सूर. ट्रम्पेटचे. लांबून, बंद दारामागून यावेत तसे.

शेजारच्या माणसाला मल्लप्पानं विचारलं, ऐकलंस का? तो म्हणाला, ऐकलं की, चमकतात म्हणतोय.

खरं सांगायचं तर मल्लप्पा घाबरला नाही. त्याला बरं वाटलं. मेलेला दोस्त सोबतीला येतोय, यात वाईट काय? तो त्या टांग्यामागं चौक-चौक फिरायला लागला. नुसतं फिरणं बरं दिसत नाही, म्हणून दर वेळी एक डबा घ्यायचा. घरात मंजनाचे अकरा डबे झाले. मग कव्वाली गाठली, मग मोहोळ. दर वेळी दोन-चार सूर जास्त.

एप्रिलमध्ये त्यानं घरी बसून ते सगळे सूर क्लॅरनेटवर एकापुढं एक लावले.

ओळ झाली.

दुसरीचं टोक आणि चौथीचं तोंड, यांच्यामधे चपखल बसली.

तिसरी ओळ.

मल्लप्पानं क्लॅरनेट खाली ठेवलं. ही ओळ सोलापुरात कुणी ऐकलेली नाही. मग गुरुलिंगला कुठून आली?

तो उठून गुरुलिंगच्या घरी गेला. गुरुलिंगची बायको निंगव्वा उखळात शेंगांची चटणी कुटत होती. मुलीचं, महादेवीचं, लग्न पुढच्या महिन्यात ठरलं होतं. निंगव्वानं आधी तेच काढलं. बँड आपलाच हवा आणि दचका वाजलाच पाहिजे. मल्लप्पा हो म्हणाला आणि सहज विचारल्यासारखं तबकडीचं विचारलं. आणली तेव्हापासूनच ओरखडा होता ना?

निंगव्वा हसली.

"आणली तवा आरशागत हुती की, भावजी. आठ दिस घरात वाजवली, सगळीच्या सगळी. मग ह्ये दाभण घिऊन बसले. म्हनले, मल्ल्याचा कान लई तिखट हाय. सगळं गाणं गावलं तर त्याला माझी काय गरज? जाईल कुटंतरी."

मुसळ तसंच हातात धरून तिनं त्याच्याकडं बघितलं.

"तुमास्नी ठावं नव्हतं व्हय?"

"ठावं हुतं की," मल्लप्पा म्हणाला.

तिनं चटणी-भाकरी वाढली. त्यानं खाल्ली. घरी येऊन त्यानं अकराही डबे उकिरड्यावर टाकले.

लग्नाचा दिवस.

मांडवात जाण्याआधी नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत देवळात जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्या बसवण्णाच्या देवळाकडं निघाला. डोक्यावर ऊन. डांबर चपलांना चिकटत होतं. बाराला गिरणीचा भोंगा सुरू झाला आणि त्याच वेळी पोरांनी ओरडा केला, दचका, दचका.

पहिली ओळ.

दुसरी ओळ.

टक्.

आणि…

भोंगा मधेच तुटला.

घोड्याचा पाय वर, तो वरच. कुणीतरी उडवलेला रुमाल हवेत उभा. एका म्हाताऱ्याची शिंक नाकाशी येऊन थांबली. त्याच्या तोंडावरची माशीसुद्धा थांबली.

मल्लप्पा तेवढा हलत होता.

मग… खालून.

पायांखालच्या डांबरातून ट्रम्पेट वाजलं. सगळी ओळ. स्वच्छ, जवळून. शेवटचा सूर वर उचलून धरलेला, सवाल टाकतात तसा.

आणि शांतता.

ती शांतता मल्लप्पाच्या ओळखीची होती. पाच वर्षं त्या शांततेत जवाब त्यानंच दिला होता.

पुन्हा ओळ वाजली. थोडी हळू.

पुन्हा थांबली.

तिसऱ्यांदा वाजली तेव्हा सूर कापत होता. दारात बसून कुणी अजिजी करावी तसा.

मल्लप्पानं क्लॅरनेट ओठांवरून काढलं. काखेत घट्ट धरलं. आणि खाली, रस्त्याकडं बघून म्हणाला,

"गुरल्या, सगळी ओळ दिली असतीस तरी मी ऱ्हायलोच असतो की."

खालून काही आलं नाही.

बराच वेळ आलं नाही. मल्लप्पाला वाटलं, गेला. आता सुटलो.

तेवढ्यात…

क्लॅरनेट वाजलं.

जवाब आला. मल्लप्पाच्या ढंगाचा. त्याचीच मुरकी, शेवटी सूर किंचित दाबायची त्याचीच खोड. पोटातून आल्यासारखा.

क्लॅरनेट काखेतच होतं.

भोंगा पुन्हा सुरू झाला. घोड्यानं पाय टेकला, म्हातारा शिंकला, बँड चौथ्या ओळीवर गेला. कुणाला काही कळलं नाही. म्हणजे एक गोष्ट सगळ्यांना कळली. परण्या देवळाशी पोचताच बँडवाल्यांनी मल्लप्पाला मिठ्या मारल्या. नवऱ्याच्या बापानं पाठ थोपटली. असा जवाब आयुष्यात ऐकला नाही, म्हणाले. मांडवात निंगव्वा पदरानं डोळे पुसत आली.

"भावजी, आज त्येंच्यासाठी वाजवलंसा."

मल्लप्पानं क्लॅरनेट काखेतून काढून पाहिलं. तोंडाशी जी पातळ पत्ती असते, ती ओली होती.

इतका वेळ काखेत, त्या उन्हात. कोरडी ठाक हवी होती.

त्यानं वास घेतला.

तंबाखू.

मामानं उभ्या जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. गुरुलिंग खायचा.

त्या दिवसानंतर मामानं क्लॅरनेट ओठांना लावलं नाही. मला दोनदा देऊ केलं. मी घेतलं नाही. आजही त्याच्या खोलीत खुंटीला टांगलेलं आहे, आणि मी त्या खोलीत एकटा बसत नाही.

अजूनही लग्नाकार्यात जुने लोक मामाला भेटतात, हात धरतात. मल्लप्पा, काय जवाब दिला होतास त्या दिवशी, म्हणतात. मामा मान डोलावतो.

मागच्या महिन्यात मी धीर करून विचारलं, खरंच इतका चांगला होता का तो जवाब?

मामानं खुंटीकडं बघितलं.

"चांगला हुता," म्हणाला. "माझ्यापरीस."